आधी टॉपला हात लाव

भाचीबाई,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी पानावर बसलो होतो. "मामा, शेगडी पेटलीय, ज्वाळा दिसतायत, पण खोली गारठलेलीच," एवढं तू म्हणालीस आणि मागून ताईचा आवाज आला, "लाकडं ओली असतील, विचार त्याला." मी हसलो नाही. थोरल्या बहिणीला हसायची माझी सत्तरी उलटली तरी टाप नाही. आणि तिचं तरी काय चुकलं? नाशिकच्या वाड्यात ज्या शेगडीभोवती आम्ही वाढलो तिथं ज्वाळा दिसली की ऊब आलीच. पुढं मी फोनवर जे सांगितलं त्यातलं निम्मं बाळाच्या रडण्यात गेलं, म्हणून आता कागदावर उतरवतोय. जावईबापूंनाही वाचायला दे. त्यांना व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची हौस आहे, हे मी बारशाच्या दिवशीच पाहिलंय.

तुमच्या घरमालकानं बैठकीतल्या जुन्या फायरप्लेसच्या कोनाड्यात जी काळी, काचेच्या दाराची शेगडी ठेवलीय ती बिडाची वाटते, पण आहे पत्र्याची. तिच्या पोटात दोन वेगवेगळी यंत्रं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं एवढंच, की दोघांची वायर एक. पहिलं यंत्र तमाशाचं. खोट्या ओंडक्यांखाली एलईडीची पट्टी असते, तिच्यामागे एक बारीक दांडी सावकाश फिरते, दांडीवर चकचकीत पट्ट्या लावलेल्या असतात. उजेड त्या पट्ट्यांवरून उसळून मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला ज्वाळा नाचताना दिसतात. या सगळ्याला एका साध्या दिव्याएवढीच वीज लागते. दुसरं यंत्र उबेचं. तारेचं वेटोळं आणि त्यावर वारा मारणारा पंखा. तुझ्या केस वाळवायच्या ड्रायरचाच थोरला भाऊ म्हण. हा भाऊ एक किलोवॉट तरी खातो, नाहीतर दोन. दोघांची बटनं वेगळी असतात. ज्वाळा चालू आणि ऊब बंद, अशी ती मुद्दाम चालवता येते. उन्हाळ्यात पाहुणे आले की लोक नुसती शोभा लावतात.

ही शोभा इथल्या लोकांना का हवी असते, तेही सांगतो, म्हणजे ताईला नवल वाटणार नाही. इंग्लंडात घर म्हणजे चूल नव्हे, घर म्हणजे कोळशाची फायरप्लेस. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस धुकं आणि धूर असा साचला की हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६चा क्लीन एअर ॲक्ट आला आणि शहरांतले कोळसे हळूहळू विझले. कोनाडे मात्र राहिले. त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघून यांना चुकल्यासारखं होतं, म्हणून तिथं ही विजेची शेगडी बसवतात. १९७८च्या हिवाळ्यात मी इथं आलो तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीतही असली एक होती. वर दोन लाल होणाऱ्या सळ्या, खाली प्लास्टिकचे निखारे, निखाऱ्यांखाली एक लाल बल्ब आणि बल्बच्या डोक्यावर सुईवर टेकवलेली पत्र्याची भिंगरी. बल्ब तापला की गरम हवा वर चढायची, भिंगरी फिरायची, निखारे धुगधुगायचे. मी तासन्‌तास ती भिंगरी बघत बसायचो. सळ्या लावायला परवडायचं नाही. भिंतीतल्या मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय वीज नव्हती.

माझी मोठी चूक त्याच खोलीतली आहे. ती आजवर ताईलाही सांगितलेली नाही.

नाशिकला आयटीआय करताना मी एका वायरमनकडे हाताखाली होतो. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. बिघडलेली वस्तू कुणी घेऊन आलं, इस्त्री असो की कॉइलची शेगडी, आम्ही पोरं लगेच तिचे स्क्रू काढायला धावायचो. उस्ताद बिडी बाजूला ठेवून म्हणायचे, "वस्तू नंतर बघ, आधी टॉपला हात लाव." टॉप म्हणजे थ्री-पिन टॉप, तुम्ही प्लग म्हणता तो. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू खोटं बोलते, टॉप बोलत नाही. मला ते तेव्हा म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

तर त्या पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी दोन्ही सळ्या लावल्या आणि फ्यूज उडाला. इथल्या टॉपमध्ये फ्यूज आतच असतो, चिनी मातीच्या छोट्या नळीसारखा दिसणारा, हे तू पाहिलं असशील. दुकानं बंद. आपल्याकडे किटकॅट फ्यूज उडाला की आपण काय करायचो? सापडेल ती तार गुंडाळायचो. मीही सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, फ्यूजभोवती गुंडाळली आणि टॉपचं झाकण लावलं. शेगडी झकास चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत सुक्या बोंबलाचा वास यायला लागला. शेजारच्या खोलीतला रत्नागिरीकडचा मित्र दार ठोठावून आत आला, म्हणाला, "एकटाच खातोस होय रे?" खायला माझ्याकडे डबलरोटी होती. दोघांनी वास घेत घेत माग काढला तो थेट भिंतीपाशी. टॉपची पाठ मऊ झाली होती, सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलं होतं. बटन बंद करून टॉप ओढला तर पिनेबरोबर वितळलेल्या प्लास्टिकचा धागा आला.

फ्यूज मुळात का उडाला होता? टॉपच्या आतला एक स्क्रू ढिला होता. ढिल्या जोडाला वीज अडखळते, अडखळली की तापते, आणि त्या तापानं शेजारचा फ्यूज गेला. त्यानं मला बजावलं होतं. मी त्याच्या तोंडात चांदी कोंबली.

हे पाल्हाळ अशासाठी, की त्या वासाची खूण तुला पक्की लक्षात राहावी. विजेच्या वस्तूंचं काही जातीचं कडक प्लास्टिक तापलं की मासळीसारखा वास येतो. घरात मासळी नाही आणि मासळीचा वास आहे, तर उदबत्ती लावू नकोस, खिडकी उघडून विसरू नकोस. जे जे जास्त वीज ओढतंय ते बंद कर आणि एकेक सॉकेट हुंगत जा. हिवाळ्यात पहिल्यांदा शेगडी लावल्यावर येतो तो वास वेगळा असतो. तो जळक्या धुळीचा, पाच-दहा मिनिटांत जातो. त्याला भिऊ नकोस. मासळीच्या वासाला भी.

आता हिशेब. दोन किलोवॉट म्हणजे २००० वॉट, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. टॉप १३ अँपिअरचा. म्हणजे बसतं, भरपूर बसतं. मग जळतं का? तुझी चहाची किटली तीन किलोवॉटची असते, शेगडीपेक्षा जास्त खाते, पण ती तीन मिनिटांची पाहुणी. शेगडी मुक्कामाला येते. चार-चार तास सलग पावणेनऊ अँपिअर वाहत असताना टॉपमधला थोडासा ढिलेपणा, सॉकेटमधली थकलेली स्प्रिंग, जे किटलीला कधी कळलंही नसतं, ते शेगडीखाली उघडं पडतं. कुठल्याही हीटरचं हेच असतं. न्यू जर्सीतल्या तुझ्या मावसभावालाही मी हेच सांगतो. तिकडं १२० व्होल्ट, त्यामुळे हीटर १५०० वॉटचाच, तरी साडेबारा अँपिअर होतात, उलट जास्तच.

म्हणून रीत अशी. शेगडी दोन किलोवॉटवर अर्धा तास चालू दे. मग शेगडीचं बटन बंद, भिंतीवरच्या सॉकेटचं बटन बंद, आणि टॉपच्या पाठीवर तळहात ठेव. कोमट लागला तर ठीक. आत फ्यूज असतो, तो थोडा तापतोच. पाच आकडे मोजेपर्यंत हात ठेववत नसेल तर ती शेगडी त्या सॉकेटवर पुन्हा लावायची नाही. टॉप बाहेर काढून पिना बघ, सॉकेटची भोकं बघ. तपकिरी डाग दिसला तर नुसता टॉप बदलून भागत नाही. सॉकेटही बदलावं लागतं, नाहीतर जुनं सॉकेट नव्या टॉपला आठवड्यात खातं. टॉप सॉकेटमध्ये सैल हलत असेल, तरी तेच.

एक्स्टेन्शनवर शेगडी लावायची नाही. त्यावर "१३ अँपिअर" लिहिलंय असं जावईबापू म्हणतील. लिहिलेलं असतं, खरं आहे. पण चार भोकांना मिळून तेरा. एकात शेगडी, दुसऱ्यात बाळाच्या बाटल्या उकळायचं यंत्र, की झालं. शिवाय एक्स्टेन्शन म्हणजे आणखी दोन जोड, आणि जोड म्हणजे ढिलेपणाला आणखी दोन जागा. रिळाचं एक्स्टेन्शन गुंडाळलेलं असताना तर त्याहून वाईट, आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेरच पडत नाही. रिळावर गुंडाळलेल्या आणि उलगडलेल्या वायरचे वेगवेगळे आकडे म्हणूनच छापलेले असतात. वायर गालिच्याखालून नेऊ नकोस. दिसायला छान दिसतं, आणि एक दिवस गालिच्यावर पिवळी रेघ उमटते.

आणि ताईनं नाशिकहून जो छोटा ब्लोअर हीटर पिशवीत घालून आणलाय, तो तसाच पिशवीत राहू दे. व्होल्टेज इथं-तिथं सारखंच, त्यामुळे तो चालेल, हीच खरी अडचण. त्याच्या गोल पिनांना विमानतळावरचा ॲडॅप्टर लावाल. तो ॲडॅप्टर फोन चार्ज करायला असतो, दोन किलोवॉट ओढायला नाही.

आता तुझी मूळ तक्रार, ज्वाळा आहे आणि ऊब नाही. उबेचं बटन आहे का चालू, एवढं बघितलंस तू, तर पुढची जागा थर्मोस्टॅट. खोली आधीच १८ अंशांवर आहे आणि थर्मोस्टॅट १६वर, तर शेगडी गप्प बसणारच, तिचं काम झालंय. गोल चकती असेल तर ती सावकाश वर फिरव. कुठंतरी "टक" आवाज येईल. "टक" आला आणि पंखा सुरू झाला, म्हणजे यंत्र चांगलं आहे. बाहेरून येऊन हात गार असताना माणसाला खोली असते त्याहून थंड वाटते, शेगडीला वाटत नाही.

दुसरी गोष्ट मलाही दोन वर्षांपूर्वीच कळली. १ जानेवारी २०१८पासून युरोपात हीटरांना वीज वाचवण्याचे नवे नियम लागले आणि इथंही ते राहिले. त्यामुळे नव्या पुष्कळ शेगड्यांत एक शहाणपण भरलेलं असतं. खोलीचं तापमान एकदम घसरलं की शेगडी समजते, कुणीतरी खिडकी उघडली, आणि ऊब आपोआप बंद करते. तमाशा चालूच. तुमच्या घरात बैठकीचं दार उघडलं की थेट पुढच्या दाराचा वारा येतो. बाळाची गाडी आत घेताना दार दोन मिनिटं उघडं राहिलं, की शेगडीला वाटतं खिडकी उघडली. मग तू फोन करतेस, मामा, शेगडी बिघडली. सूचनापुस्तिकेत उघड्या खिडकीचं चिन्ह शोध आणि ते कसं बंद करायचं ते वाच. पुस्तिका नसेल तर शेगडीच्या मागच्या पाटीवर मॉडेलचा नंबर असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ती उतरवून घे. त्याच जातीची आणखी एक गंमत: टायमर सातला लावला तर शेगडी साडेसहालाच चालू होते. भूत नाही. सातला खोली ऊबदार हवी, म्हणून ती आधी कामाला लागते.

तिसरी जागा म्हणजे ओवा.

तू सांगितलं नाहीस, पण काल ताईनंच अभिमानानं सांगितलं. बाळाला सर्दी झाली म्हणून तिनं ओव्याची पुरचुंडी केली आणि तवा कशाला तापवायचा म्हणून शेगडीच्या दारावरच्या जाळीपाशी, जिथून गरम वारा येतो, तिथं टेकवून ठेवली. वर शेगडीच्या माथ्यावर लंगोट वाळत. "मस्त शेकली रे पुरचुंडी. पण मग शेगडीच थंड पडली. ज्वाळा चालू, आणि वारा नाही. इथल्या वस्तूच नाजूक."

वस्तू नाजूक नाही, शहाणी आहे. आतल्या वेटोळ्याजवळ एक कट-आउट असतो. त्यात दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पातळ चकती असते. प्रमाणाबाहेर तापलं की दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, चकती "टिक" करून उलटी होते आणि उबेची वीज तुटते. वाऱ्याची वाट अडली, की ती उष्णता आतल्या आत साचणार, दुसरं काय होणार? आता हे परत चालू कसं करायचं ते नीट वाच, कारण इथं सगळे चुकतात. बटन चालू-बंद, चालू-बंद करत बसू नकोस. पुरचुंडी, लंगोट, काय असेल ते काढ. शेगडी बंद कर, टॉप भिंतीतून बाहेर काढ, आणि वीसेक मिनिटं तिच्याकडे बघूही नकोस. बऱ्याच शेगड्यांत वीज पूर्ण तोडून थंड झाल्याशिवाय तो कट-आउट परत बसतच नाही. चालू ठेवून वाट बघशील तर रात्र जाईल. मग मागची आणि तळाची जाळी बघ, आत येणारी हवा तिथून येते. तुमच्या गालिच्याचे केस लांब आहेत, ते खालून जाळीला चिकटतात. जुन्या धुराड्यातून काजळी आणि विटांचा भुगा पडतो तोही मागं साचतो. बाहेरच्या बाहेर व्हॅक्यूमची नळी फिरव, आत काही खुपसू नकोस. परत लाव.

चालू झाली, तर विषय संपला. वाट मोकळी असूनही पुन्हा दहा मिनिटांत बंद पडली, तर पंखा थकलाय. कान दे: वाऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा मंद आहे का? घरघर आहे का? असेल तर शेगडीचा वापर बंद आणि घरमालकाला निरोप. कट-आउटला बाजूनं तार जोडून "चालू करून देणारे" मिस्त्री इथंही आहेत, तिथंही आहेत. तसल्या माणसाला चहासुद्धा देऊ नकोस. मी चांदी कोंबली होती, हे विसरून बोलतोय असं समजू नकोस, आठवून बोलतोय.

वेटोळं स्वतः क्वचित मरतं. ती तार निकेल आणि क्रोमियमची. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना तिचं पेटंट मिळालं. लालबुंद होऊनही ती गंजून झडत नाही, म्हणून टोस्टरपासून हीटरपर्यंत सगळं तिच्यावर उभं आहे. जातात ते पंखे, बटनं आणि टॉप.

घरातली लाइट गेली तर पॅनेल उघडून बघ कुठला खटका खाली पडलाय. साधा एमसीबी पडला असेल तर एकाच वेळी फार ओढलं गेलं. स्वयंपाकघर आणि बैठक एकाच रिंग सर्किटवर असली, म्हणजे बहुतेक ३२ अँपिअर, तर किटली, कपड्यांचं यंत्र आणि शेगडी तिघी मिळून काठावर येतात. आरसीडी पडला असेल, तर कुठंतरी वीज वाट चुकून अर्थिंगकडे जातेय. तीस मिलिअँपिअरला तो तुटतो, माणसाचा जीव वाचवण्यासाठीच तो आहे. शेगडीचा टॉप काढ, आरसीडी वर कर. राहिला, तर आरोपी शेगडी. टॉप न काढता तीनदा वर केला आणि तीनदा पडला, असं मला फोनवर सांगू नकोस.

फ्यूज बदलायची वेळ आली तर टॉपमध्ये तेराचाच, तपकिरी. टेबल-लॅम्पमधला लाल, तीन अँपिअरचा, उचलून घातलास तर ज्वाळा दिसतील आणि ऊब लावताच तो उडेल. आणि तेराचा एकदा उडाला तर बदल. दुसऱ्यांदा उडाला तर बदलू नकोस.

ज्वाळेची दुखणी किरकोळ. ज्वाळा थिजली पण उजेड आहे, तर ती दांडी तिच्या रबरी खोबणीतून सुटलीय किंवा तिची छोटी मोटर गेलीय. टिक-टिक, खर्र-खर्र आवाज हाही तिचाच. ऊब बिनघोर वापर. रिमोट चालत नसेल तर त्यातली नाण्याएवढी बॅटरी बदल, बहुतेक वेळा सीआर २०२५. आणि जुनी काढलेली ताबडतोब कपाटाच्या वरच्या खणात टाक, बाळ वर्षाचं होईल तेव्हा ते सगळं तोंडात घालेल. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका जाळते. या एका बाबतीत क्षणाचाही उशीर न करता दवाखाना.

आता ताईचं. तिला हे मी सांगू शकत नाही, तुलाच गोडीत सांगावं लागेल. शेगडी हा शब्दच मुळात घात करतो. शेगडी म्हटली की तिला बाळंतिणीचा शेक आठवतो, ओवा-शेपेची धुरी आठवते, शेगडीवर उलटी टोपली आणि टोपलीवर वाळत घातलेली दुपटी. मायेच्याच गोष्टी आहेत त्या सगळ्या. पण निखाऱ्यांची शेगडी विझत जाते, ही विझत नाही. दुपटं घसरून जाळीवर पडलं तर निखाऱ्यावर काय व्हायचं ते आपल्याला दिसायचं. इथं ते आत तापत राहतं. इथले अग्निशमनवाले सांगतात तेच मी सांगतो: पडदा, सोफा, कपडे, पाळणा, सगळं समोरून एक मीटर लांब. ताईच्या लुगड्याचा पदर धरून. तिला म्हण, शेक हवा तर दुपारी स्वयंपाकघरात तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी करून देते, बैठकीत नको. आणि दुपटी वाळवायला घडवंची रेडिएटरपाशी लाव.

कोळशाची शेगडी मात्र तिला हौस म्हणूनही घरात पेटवू देऊ नकोस. मागच्या अंगणात पेटवली तरी पूर्ण विझेपर्यंत ती बाहेरच. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. विजेच्या शेगडीत तो धोका नाही. तिथं काही जळतच नाही. हीटर ऑक्सिजन खातो म्हणून खिडकी उघडी ठेवा, असं ताई म्हणेल. खात नाही. हवा तापली की कोरडी वाटते, घसा आणि नाक सुकतं, त्याला लोक ऑक्सिजन म्हणतात. बाळाचं नाक सुकत असेल तर थर्मोस्टॅट दोन अंश खाली आण.

रात्री झोपताना शेगडी बंद, नुसत्या रिमोटनं नाही, भिंतीवरच्या बटनानं. मोबाइलवरून चालू होणाऱ्या टॉपवर तिला लावायची आयडिया जावईबापूंनी मला दाखवली होती. ऑफिसातून निघताना चालू केली, की घरी पोचेपर्यंत ऊब. आणि तेवढ्यात ताईनं तिच्यावर काय वाळत घातलंय ते ऑफिसातून दिसतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. तू विचार.

बिलाचंही ऐक. दोन किलोवॉट एक तास म्हणजे दोन युनिट. आणि इथं विजेचं युनिट गॅसच्या सुमारे चौपट. महागडी शेगडी स्वस्तातल्या हीटरपेक्षा जास्त ऊब देत नाही, दोन किलोवॉटची ऊब सगळीकडे तेवढीच. म्हणून घर तापवायला तुमचा गॅसचा बॉयलर, आणि रात्री बाळाला पाजायला बसशील त्या एका कोपऱ्यापुरती ही शेगडी, एक किलोवॉटवर. तिचं खरं काम तेवढंच आहे.

शेगडी घरमालकाची आहे, म्हणून तिचे स्क्रू तुम्ही खोलायचे नाहीत. त्याला लेखी कळवायचं, डागाळलेल्या सॉकेटचा फोटो जोडायचा. १ एप्रिल २०२१पासून इंग्लंडात प्रत्येक भाड्याच्या घराच्या वायरिंगची निदान दर पाच वर्षांनी तपासणी करून अहवालाची प्रत भाडेकरूला देणं घरमालकाला बंधनकारक आहे. तो अहवाल तुझ्याकडे आहे का? नसेल तर माग. मागायला लाजू नकोस. आणि बॉयलर ज्या खोलीत आहे तिथं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच, १ ऑक्टोबर २०२२पासून तोही त्याच्याच माथी आहे. त्याचं बटन दाबून वाजवून बघ. बाळ दचकेल, एकदा दचकू दे.

एवढं सगळं वाचायला जमलं नाही तरी चालेल. आज रात्री शेगडी अर्धा तास चालव, बंद कर, टॉपवर तळहात ठेव, पाच मोज, आणि मला एक शब्द पाठव: कोमट की गरम. गरम म्हणालीस तर मी शनिवारी टेस्टर घेऊन येतोच. ताईला म्हणावं, भरली वांगी कर.